गवळदऱ्याची जिवाणी

माणिकचंदाचा हात कचऱ्याच्या टोपलीवर आला आणि तेथेच थांबला. चिमट्यात ओला गाळणकागद होता. त्याच्या टोकाशी जमलेला थेंब सुटून वेताच्या विणीतून खाली गेला. सरकारी प्रयोगशाळेत गाळणकागद टाकण्यासाठीच असतात. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्याने दारूचे, दुधाचे, विषाचे, खून झालेल्यांच्या जठरांचे कागद टाकले होते आणि टाकताना मनात कधी काही आले नव्हते. आलेच असेल तर मधल्या सुट्टीचा विचार. आज हात थांबला तो विचारामुळे नव्हे. विचार मागाहून आला, धापा टाकत, उशिरा पोचलेल्या कारकुनासारखा: हे पाणी गवळदऱ्याचे आहे. आणि त्याच्याही मागून, अनेक परीक्षांतून घासून निघालेल्या त्याच्या बुद्धीची परवानगी न घेता, एक शब्द आला, जो त्याने पुण्यात कोणासमोर कधी उच्चारला नव्हता. जिवाणी. पाणी गाळल्यावर फडक्यावर जे उरते ते. दिसणारे आणि न दिसणारे जीव. ते जेथल्या पाण्यातले असतील तेथेच परत सोडायचे. दुसऱ्या पाण्यात नाही, मातीत नाही, टोपलीत तर नाहीच. त्याने कागद एका रुंद तोंडाच्या बाटलीत सोडला, नमुन्यातले उरलेले पाणी त्यावर ओतले आणि इकडेतिकडे पाहिले. आपण चोरासारखे पाहत आहोत हे ध्यानात येताच त्याला राग आला. तो कोणावर आला आहे, हे मात्र त्याला लगेच ठरवता येईना.

गवळदरा म्हणजे जुन्नराहून मढकडे जाणाऱ्या वाटेवरची, नकाशात ठिपकाही न मिळालेली वाडी. वडील, खेमचंदशेट, मढच्या बाजाराला जात तेव्हा गाडी तेथे सोडली जाई. वर मारुतीचा पार, पाराच्या खाली खडकात खोदलेली विहीर. आई, झमकूबाई, उतरून विहिरीवर जाई, भांड्याच्या तोंडाला दुहेरी फडके बांधी, संथपणे पाणी गाळी, मग फडके उलटे करून गाळलेल्याच पाण्याने ते धुई आणि ते धुतलेले पाणी तळाला कडी असलेल्या एका लहान बादलीतून खाली सोडी. बादली पाण्याला टेकली की दोराला हलका झटका, आणि ती तेथेच उलटी होई. उंचावरून ओतले तर जीव आपटून मरतात, असे ती सांगे. जणू ते पडताना तिने पाहिले होते. वाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून बघत. त्यांतली साळुबाई नावाची एक तरणीताठी बाई एकदा मोठ्याने म्हणाली होती, "शेटाणी, किडं म्हायेरी घालवताय व्हय?" आणि सगळ्या हसल्या होत्या, आईसुद्धा. तो मात्र लाजेने गाडीच्या चाकाआड उभा राहिला होता. ती लाज त्याने पुढे पुण्याला आणली, तिच्यावर तर्कशास्त्राचे आणि पाश्चात्त्य रसायनाचे जाड थर चढवले, आणि वादसभांत रूढींवर अशी काही शस्त्रे चालवली की वृद्ध शास्त्रीही त्याला मान देऊ लागले. मग एके दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्याने ते जीव पाहिले. केसांसारख्या पायांचे, पारदर्शक, घाईत असलेले. आईने ते कधीच पाहिले नव्हते. त्याने पाहिले आणि काच पुसून टाकली. तिने न पाहता त्यांना घरी पोचवले. या दोहोंत निरीक्षणाला जागले कोण, हा प्रश्न त्या दिवशी त्याने फार खोल पुरला होता. आणि पुरलेल्या वस्तूंची मालकी कोणाची, हे तर आता राजपत्रातच छापून आले होते.

कारण बाटली आली होती ती याच मार्गाने. फाल्गुनात मोजणीसाठी फिरणाऱ्या कोणा गोऱ्या अधिकाऱ्याने गवळदऱ्याच्या विहिरीत डोकावले आणि पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग पाहिला. ब्रह्मदेशात जमिनीतून तेल निघते, आसामात निघते. मग पुणे जिल्ह्याच्या उत्तरेने असा काय अपराध केला आहे? त्याने नमुन्याची बाटली प्रयोगशाळेकडे धाडली आणि वर लिहिले, वरच्याने त्याहून वर लिहिले, आणि चैत्र लागण्यापूर्वी हुकूम खाली उतरला: गवळदऱ्याच्या शिवारात खनिज तेलाचा संभव दिसत असल्यामुळे विहीर मोहोरबंद करण्यात येत आहे, परवानगीवाचून तेथे कोणत्याही प्रकारचे खोदकाम करू नये, आणि मुंबईच्या एका कंपनीस शोध घेण्याचा परवाना देण्यात येत आहे. विहिरीतल्या पाण्याविषयी हुकुमात अक्षर नव्हते. पाणी हे तेलाच्या शोधात आडवे आलेले द्रव्य होते. वाडीच्या बाया मग नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीने कळशी भरू लागल्या. तेव्हा पहाऱ्यावरच्या शिपायाने झिरा हेही खोदकामच, असा अर्थ लावून एकीचे उकरायचे खापर जप्त केले. ही वार्ता माणिकचंदाला थोरल्या भावाने, पोपटलालने, निव्वळ गंमत म्हणून कळवली होती. माणिकचंद हसला नाही. प्राचीन स्मृतिकारांना राजाची हाव पुरती ठाऊक होती, म्हणून भूमिगत धनात राजाचा वाटा ठरवून देऊन ते ज्याला सापडले त्याच्यासाठीही त्यांनी काही राखून ठेवले. नव्या कायद्याला असल्या वाटणीचा कंटाळा होता. जमिनीच्या पोटातले जे जे काही, ते ते सरकारचे. नांगराचा फाळ पोचतो तेथवर कुणबी, त्याच्याखाली बादशहा. मग ते केसांसारख्या पायांचे जीवही जमिनीच्या पातळीखालीच राहतात. तेही बादशहाचे प्रजाजन नव्हेत, मालमत्ता. आणि आपण, त्याला वाटले, या मालमत्तेचे पगारी तपासनीस.

पुढचे काम त्याने नेहमीपेक्षा अधिक स्वच्छ हातांनी केले. तवंग वेगळा काढला, तो कॉस्टिक सोड्यात उकळला आणि वाट पाहिली. खनिज तेल असते तर ते सोड्याला दाद न देता वर तरंगत राहिले असते. हे तेल दाटले, पांढरे झाले, आणि शेवटी बशीत नखाएवढा साबण उरला. साम्राज्याच्या त्या संभाव्य खाणीतून निघालेले हे पहिले आणि शेवटचे उत्पादन त्याने बोटावर घेऊन नळाखाली धरले. फेस आला. अहवाल त्याने थोडक्यात लिहिला: तेल वनस्पतिजन्य आहे, घाण्याचे आहे, खनिज तेलाचा अंश नाही, विहीर उघडण्यास हरकत नाही.

प्रयोगशाळेचा साहेब सभ्य होता. सभ्य माणसांशी झगडताना हाताला पकड मिळत नाही, हे माणिकचंदाला तेव्हाच प्रथम नीट समजले. साहेबाने अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "काम सुंदर आहे. फक्त शेवटी एक वाक्य घाला. खनिज तेलाची शक्यता नाकारता येत नाही."

"नाकारता येते," माणिकचंद म्हणाला. "मी ती नाकारली आहे."

"तुम्ही चुकलात असे मी म्हणत नाही. तुम्ही लवकर आहात, इतकेच. कलकत्त्याहून भूगर्भशास्त्रज्ञ पावसाळ्यानंतर येतील. परवाना देऊन झाला आहे. सरकारने पाहिलेले तेल एका बाटलीने साबण ठरवावे, हे शोभत नाही."

"पावसाळ्यापर्यंत त्या लोकांनी प्यायचे काय?"

साहेबाने खरोखरच विचार केला. त्याच्या कपाळावर आठी पडली, आणि ती आठी प्रामाणिक होती. माणिकचंदाला पुढे कितीतरी दिवस त्या प्रामाणिकपणाचाच सर्वांत अधिक संताप येत राहिला. "त्यासाठी वेगळे खाते आहे," साहेब अखेर म्हणाला. अहवाल त्याने फाडला नाही, परतही केला नाही. तो विचाराधीन केला. खणात ठेवला आणि खण हलक्या हाताने, आवाज न करता लावून घेतला.

टांग्यात बसल्यावर बाटली त्याने दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली होती. पुणे-नाशिक रस्त्यावरची धूळ तोंडात जात होती आणि मंचर ओलांडेपर्यंत आपण रजा कशासाठी घेतली हे त्याने स्वतःला सांगितले नव्हते. सांगितले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. नामांकित विद्यापीठाचा पदवीधर, चार भाषांतला ग्रंथसंग्रह बाळगणारा, अदृश्य किड्यांना माहेरी घालवायला निघाला आहे. पण कळंबपाशी घोडा पाण्यावर सोडला असता, हौदातले पाणी घोड्याच्या ओठांतून निथळताना पाहून, त्याला स्वच्छ उमगले की आपला किड्यांवर विश्वास बसलेला नाही. आपला दुसऱ्याच एका गोष्टीवरचा विश्वास उडालेला आहे. आजवर त्याची अशी समजूत होती की सत्य एकदा सिद्ध करून कागदावर ठेवले की ते आपल्या वजनाने खाली जाते आणि तळाशी पोचते. ते तसे जात नाही. त्याला खणात ठेवता येते. ते कोणीतरी हातात धरून, धूळ खात, जेथले तेथे नेऊन सोडावे लागते. आणि तेही उंचावरून नव्हे. बाटलीतला कागद हिंदकळत होता. त्यावरचे जीव अजून जिवंत असतील किंवा नसतील. त्याच्या शास्त्राप्रमाणे नसण्याचाच संभव अधिक होता. संभव या शब्दावर सरकार विहिरी बंद करते, मग त्याच शब्दावर आपण एक उघडायला काय हरकत आहे, असे मनात येऊन त्याला पहिल्यांदाच थंड, नितळ असे समाधान वाटले.

जुन्नरच्या घरी पोपटलाल पेढीवरच्या लोडाला टेकून बसला होता. बाटली पाहताच म्हणाला, "काय रे, औषध का?"

"गवळदऱ्याच्या विहिरीचं पाणी."

"म्हणजे सरकारी तेल." पोपटलाल हसू लागला आणि हसता हसता आडवा झाला. "अरे, माघात त्यांच्या मारुतीची खोळ गळाली. पिढ्यापिढ्यांचं शेंदराचं कवच आपोआप सुटून खाली पडलं. आतून देव कोरा निघाला, मग काय, घरटी घागरभर तेल आणून न्हाऊ घातला त्याला. माझी करडईची पिंपं रिकामी झाली त्या आठवड्यात. ते पाराच्या भेगांतून विहिरीत नाही उतरणार तर काय काशीला जाणार?"

"भाऊ, हे तुम्ही कचेरीत का सांगितलं नाही?"

"विचारलं कोणी? मला एवढंच विचारतात, की रॉकेलचे डबे परवान्याप्रमाणे ठेवलेस का. करडईला परवाना लागत नाही. निदान परवापर्यंत लागत नव्हता."

झमकूबाई आतल्या दारात येऊन उभी होती. तिने बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली नाही, नुसती तळव्यावर तोलली. माणिकचंद तिला बाई म्हणे. "बाई," तो म्हणाला, "ही आपल्या आडात सोडली तर?"

"दुसऱ्याच्या दारात लेकरू सोडून येशील का? ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत."

"विहिरीवर मोहोर आहे. ती तोडावी लागेल."

पोपटलालचे हसणे थांबले. तो उठून बसला. "मोहोर? माणिक, तू सरकारचं मीठ खातोस. मी सरकारच्या परवान्यावर रॉकेल विकतो. तुला घरी बसवतील आणि माझे डबे उचलून नेतील. किड्यांसाठी?"

"डबे नेऊ दे," झमकूबाई म्हणाली. "रॉकेल आलं त्याच्या आधीही या घरात दिवा लागत होता."

"बाई, माझा या जिवाणीवर विश्वास नाही," माणिकचंद म्हणाला. हे तिला सांगितल्याशिवाय निघणे त्याला अप्रामाणिक वाटले असते.

तिने बाटली त्याच्या हातात परत दिली. "तुझा विश्वास कोण मागतंय? पाणी परत कर." आणि कोनाड्यातून तळाला कडी असलेली ती जुनी बादली दोरासकट काढून तिने त्याच्यापुढे ठेवली.

गवळदऱ्याला तो पोचला तेव्हा ऊन चढलेले होते. विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकलेल्या होत्या, फळ्यांवरून साखळी गेली होती, आणि साखळीच्या गाठीवर लाखेची तांबडी मोहोर. शेजारी सावलीत सोपान शिपाई पट्टा सैल करून बसलेला. पारावर मारुती ओल्या शेंदरात लखलखत होता. त्याच्या पायांपासून खडकाच्या भेगेपर्यंत तेलाचा काळपट ओघळ इतका उघड होता की तो न दिसण्यासाठी माणसाला फार वरच्या दर्जाचे शिक्षण मिळालेले असावे लागले असते. नदीकडून बाया येत होत्या. कळश्यांतले पाणी मातकट होते आणि कळश्या अर्ध्यांवर होत्या. पुढची म्हातारी थांबली, कपाळावर हात धरून तिने त्याला न्याहाळले.

"खेमचंद शेटचं धाकलं न्हवं का तुमी? चाकाआड लपायचं त्ये?"

तो ओशाळून हसला. साळुबाईचे दात गेले होते, जीभ गेलेली नव्हती.

"सरकारात हायेत न्हवं आता?" ती म्हणाली. "मंग बरं झालं. तुमच्या सरकारला इचारा, त्याल निघालं का. आमाला पानी तर काय गावंना."

पाराच्या पायरीवर बसलेला गेणभाऊ, वाडीचा जाणता शेतकरी, म्हणाला, "त्याल पायजेल आसंल तर मारुतीला मागा म्हनावं. सोमवारी या म्हनावं, शनवारी लई गर्दी आसती."

बाया हसल्या. सोपानही हसला, मग सैल पट्ट्याची आठवण होऊन तो आवळू लागला. माणिकचंदाने बाटली आणि बादली पाराच्या पायरीवर ठेवली आणि तो विहिरीपाशी गेला. त्याने मोहोर निरखली. राजमुकुटाची आकृती अर्धीच उमटली होती. लाख थंड झाल्यावर शिक्का दाबला असावा. एवढ्या मोठ्या सत्तेचे इतके निष्काळजी काम पाहून त्याला साहेबाच्या कपाळावरची ती प्रामाणिक आठी आठवली. त्याने अंगठा मोहोरेखाली घातला. लाख पापडासारखी मोडली.

सोपान ताडकन उठला. "रावसाहेब, ह्ये काय केलंत? माजी नोकरी जाईल."

"तुझी नाही जाणार. तू आत्ताच जाऊन सांग, की माणिकचंद खेमचंद, सरकारी रसायन खात्यातला, याने दिवसाढवळ्या मोहोर तोडली. तू अडवलंस, त्याने ऐकलं नाही."

"मामलेदारसायेब मढलाच मुक्कामी हायेत. लगोलग येतील."

"म्हणूनच लवकर जा."

"मंग लिवून द्या."

"लिहिलेलं ते खणात ठेवतात. तोंडानं सांग."

सोपान क्षणभर घोटाळला. मग त्याने साखळीचे दुसरे टोक कडीतून स्वतःच मोकळे केले, ते कोणी पाहिले नाही अशा थाटात टोपी नीट केली आणि मढच्या वाटेला लागला. पण गेणभाऊ पायरीवरून उठला नव्हता. त्याचा चेहरा आता थट्टेचा नव्हता. "भाऊ," तो म्हणाला, "तुमी मोडलंत, लई चांगलं केलंत. पर तुमी जानार पुन्याला. हितं आमाला ऱ्हायाचं हाय. त्ये येतील, पुन्ना फळ्या घालतील, वर आमचीच मानगूट धरतील."

आयुष्यात पहिल्यांदाच माणिकचंदाला उत्तराच्या जागी एखाद्या ग्रंथातले वचन आठवले नाही. राजसत्तेच्या मर्यादा, प्रजेचे हक्क, पाण्यावर सर्वांची असलेली समाईक सत्ता, यांवर त्याने सभाच्या सभा जिंकल्या होत्या. त्या सभांना दिवाणखाने होते, पानसुपारी होती; तेथे कोणाची मानगूट नव्हती. त्याने फळ्या बाजूला केल्या. विहिरीतून गार, शेवाळी वास वर आला. कोंडलेल्या पाण्याने सोडलेला तो श्वास त्याच्या तोंडावर आला आणि त्याला एकदम लहान वाटले. बाटलीतले पाणी त्याने कागदासकट बादलीत ओतले, कागद त्यातच धुऊन काढला, आणि बादली खाली सोडली. बाया पाहत होत्या. या वेळी तो कशाच्याही आड उभा नव्हता. दोर सैल पडला. बादली टेकली होती. त्याने आईसारखा हलका झटका दिला. खाली पाणी किंचित हलले, तवंगावरचे रंग फाटले आणि पुन्हा जुळले. जे काही परत गेले ते जिवंत होते की नाही, हे आता कोणत्याही खात्याला सिद्ध करता येणार नव्हते.

मग तो विहिरीच्या काठावर बसला. पाय आत, खडकाला टेकवून. "मी जात नाही, गेणभाऊ," तो म्हणाला. "फळ्या घालायच्या तर आधी मला उचलावं लागेल. सरकारी नोकराला विहिरीच्या तोंडावरून उचलायचा म्हणजे त्याला कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं म्हणजे तेलाचा साबण झाला हा माझा अहवाल खणातून बाहेर काढावा लागतो. तोवर तुम्ही पाणी भरा."

गेणभाऊने त्याला आपादमस्तक न्याहाळले. हा माणूस शहाणा आहे की त्याला ऊन लागले आहे, हे तो ठरवीत असावा. मग तो घरी गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर नाडा आणि पोहरा होता. साळुबाईने कळशीतले मातकट पाणी पारावरच्या झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकले आणि पहिली पाळी घेतली. पोहरा खाली गेला, वर आला. वाडीतून आणखी बाया आल्या. हंडे, घागरी, डेरे, एकीने तर धान्य काढून ठेवून रांजणच गुंडाळत आणला. कोणी घाई करीत नव्हते. भरलेल्या हंड्यांतल्या पाण्यावरचा तेलाचा चकाकता पदर एक बाई ओंजळीने सारून मारुतीच्या नावाने बाजूला शिंपडत होती. माणिकचंदाच्या धोतराला शिंतोडे लागत होते, पायांखालचा खडक ओला होऊन गार पडला होता. उद्याची नोकरी, पोपटलालचे डबे, पुण्यातल्या भिंतीभर पुस्तकांच्या खोलीचे भाडे, यांचा त्याने एकेक करून विचार केला आणि प्रत्येक विचार तळापर्यंत जाऊ दिला. भीती तेथे होतीच. ती त्याला सापडली, आणि ज्याला सापडली त्याची म्हणून त्याने ती स्वतःपाशी ठेवून घेतली.

मढच्या बाजूने धूळ उठली. आधी घुंगरांचा आवाज, मग टापांचा. रांगेतल्या बायांनी माना वळवल्या, पण हंडे कोणी उचलले नाहीत. माणिकचंदाने मागे वळून पाहिले नाही.

"मामलेदार आलं जनू," साळुबाई पोहरा सोडता सोडता म्हणाली. "भाऊ, वाईच सरका. दोर आडतोय तुमच्या मांडीला."

तो उठला नाही. दोरापुरता सरकला.